अक्का आणि वरचं बिऱ्हाड

अक्का, आपलं बोलणं बंद होतं ते अजून बंदच आहे असं समज. हे लिहिणं बोलण्यात धरू नकोस. गणपतीपासून तू गप्प, मी गप्प, आणि या खेळात आता तुला कुणी हरवू शकत नाही. परवा तुझं तेरावं झालं. आलेली माणसं जेवून गेली, जाताना प्रत्येकाने तू किती सरळ होतीस ते मला सांगितलं. मी वाढत होते, म्हणून मला काही बोलावं लागलं नाही.

तुझ्या खालच्या दोन खोल्यांतल्या पुढच्या खोलीत बसून लिहिते आहे. दुपारचे अडीच वाजलेत आणि वर निमकरचा हातोडा सुरू झाला आहे. तू असतीस तर जिन्याच्या तोंडाशी उभी राहून कन्नडमध्ये ओरडली असतीस. निमकर नागपूरचा. बंगळुरात येऊन इतकी वर्षं झाली, पण त्याला कन्नड आलं ते तुझ्या बोलण्यांपुरतंच. मी तुला एकदा विचारलं होतं, भाडेकरू मराठी, तू मराठी, मग त्याला कन्नडमध्ये का झापतेस? तू म्हणालीस, "मराठीत झापलं की घरच्याला झापल्यागत वाटतंय गं. मग मला जेवण जात न्हाई." आज मी ओरडले नाही. तुझी जागा घेतल्यासारखं झालं असतं.

एक्क्याण्णव साली आपण हे घर बांधलं तेव्हा अख्ख्या निपाणीत बातमी झाली होती, की दोघी बहिणींनी बंगळुरात माडी बांधली. राजाजीनगरातली ही वीस बाय तीसची साइट तू ऑफिसातल्या एका रिटायर होणाऱ्या माणसाकडून घेतलीस. तिच्यावर एकच खोली, वर पत्रे, खाली शेणाची जमीन. तू एकटी, कारकुनाचा पगार, आणि तरी जागा घेतलीस. माझ्याकडे जागा नव्हती, पण लग्नातल्या पाटल्या होत्या आणि आमच्या ह्यांचा प्रॉव्हिडंट फंड होता. जागा तुझी, बांधकाम माझं, घर निम्मं निम्मं. खाली तू राहायचं. वरचा मजला ह्यांच्या निवृत्तीपर्यंत बाहेर द्यायचा, जे येईल ते अर्धं अर्धं वाटायचं, आणि हे निवृत्त झाले की वर आम्ही राहायला यायचं. महादेवपुऱ्याकडचं कारखान्याचं क्वार्टर तेव्हा सोडावंच लागणार होतं. त्या क्वार्टरच्या भिंतीला मी वीस वर्षांत एक खिळासुद्धा ठोकला नव्हता, कारण परवानगी घ्यावी लागायची.

कागद तू स्वतःच्या हाताने लिहिलास. मी म्हणाले, सख्ख्या बहिणींत कसला कागद? तू म्हणालीस, "सख्ख्या म्हणूनच." त्यात एक ओळ होती, भाडेकरू ठेवताना दोघींची सही. खाली दुसरी ओळ, भाडेकरू काढताना दोघींची सही. ठेवताना ठीक आहे, काढताना कशाला, असं मी विचारलं तर तू चष्म्यावरून बघितलंस. "तुझा राग मला ठावं हाय सुमे. एखाद्या दिवशी एखाद्याला जिन्यावरनं ढकलून देशील. मग ते बिचारं कुठं जाईल?" आपण दोघी हसत सुटलो होतो. मी हसत हसतच सही केली.

मग तो लीजचा तुझा आग्रह. ही बंगळूरची पद्धत निपाणीच्या मामांना समजावताना तू घामाघूम झाली होतीस. भाडेकरूने सुरुवातीला एकदाच मोठी रक्कम द्यायची, तीन वर्षं एक पैसा भाडं न देता राहायचं, आणि जाताना तीच रक्कम जशीच्या तशी परत न्यायची. मामा म्हणाले, "मग ते फुकटच ऱ्हायलं की!" रक्कम बँकेत टाकली की तिचं व्याज हेच भाडं, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. तुला मात्र दर महिन्याला जिना चढून भाडं मागणं नको होतं. "एकदाच काय ते तोंड वेंगाडायचं," म्हणालीस. गल्लीतले मालक लीजची रक्कम हातात आली की त्यातून पोरींची लग्नं उरकायचे, दुसरीकडे साइट घ्यायचे, आणि भाडेकरू जायला निघाला की तोंड लपवत फिरायचे. तू त्या रकमेला हात लावला नाहीस. दर तीन महिन्यांनी माझं अर्धं व्याज पाकिटात घालून, दोन बस बदलून महादेवपुऱ्याला आणून द्यायचीस आणि चहा घेऊन परत जायचीस.

वरचा मजला बघायला चार जण आले होते ते आठवतं? एक रिटायर सुभेदार, एक तेलुगू जोडपं, एक बँकेतला गृहस्थ, आणि शेवटी हा निमकर. बाकीचे तिघं जास्त रक्कम द्यायला तयार होते. सुभेदार तर दुसऱ्या दिवशी सगळे पैसे आणणार होता. निमकर आला, चपला बाहेर काढल्या आणि म्हणाला, "नमस्कार ताई, मी नागपूरचा." झालं. तुझा चेहरा असा उजळला की मला मामांच्या घरचा दिवाळीतला ओटा आठवला. पूर्ण दिवसात ऑफिसात, दुकानात, बसमध्ये ज्या भाषेत कुणी बोलत नाही ती भाषा बोलणारा माणूस दारात उभा होता. "मराठी हाय, म्हणजे घरचाच," म्हणालीस. तुला एकटीला दोष देत नाही मी. दुसऱ्या दिवशी त्याची बायको पुडाच्या वड्या घेऊन आली आणि मीही विरघळले. कमी रकमेला, नुसत्या तोंडी ओळखीवर, आपण दोघींनी सही केली. सुभेदार आता मल्लेश्वरमात कुणाच्या तरी घरातून वेळेवर निघूनही गेला असेल.

तीन वर्षं कशी गेली कळलं नाही. मग निमकर ज्या छोट्या कारखान्यात सुपरवायझर होता तो बंद पडला. त्याने गॅलरीत विजेच्या मोटारी दुरुस्त करायला सुरुवात केली. पंप, मिक्सर, ग्राइंडर, जे येईल ते. जिन्याची भिंत काळी झाली, घरभर व्हार्निशचा वास. कावेरीचं पाणी एक दिवसाआड यायचं, आणि तो दिवस नेमका याच्या पाहुण्यांचा असायचा. आपल्याला न विचारता त्याने संपमधून, खालच्या जमिनीतल्या टाकीतून, वर वेगळा पाइप नेला. "भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी" ही म्हण मी त्याच्या बायकोला नीट ऐकू जाईल अशी म्हणाले होते. तू मला हाताला धरून आत ओढलंस. मुदत संपली तेव्हा तू एक वर्ष वाढवून दिलंस, मला विचारून. मग आणखी एक वर्ष, मला सांगून.

आणि बाहेर बंगळूर धावत सुटलं होतं. आमच्या क्वार्टरच्या मागे जिथे नाचणीची शेतं होती तिथे कंपाउंडच्या भिंती आल्या. व्हाइटफील्डकडे काचेच्या इमारती उठणार म्हणून दलाल स्कूटरवरून फिरायला लागले. निमकरने दिलेल्या रकमेत आता आपल्याच गल्लीत एक खोलीसुद्धा मिळत नव्हती. बँकेतला पैसा होता तेवढाच होता, फक्त त्याचं काही येत नव्हतं. हे तुला कळत होतं. मला कळून घ्यायचं नव्हतं.

मागच्या जूनमध्ये हे निवृत्त झाले. क्वार्टर सोडायची मुदत सप्टेंबरपर्यंत, पुढे दंडासकट भाडं आणि जानेवारीअखेर शेवटचं. मी, हे, दोन मुलं, सासूबाई. स्वतःच्या नावावर अर्धं घर असून राहायला घर नाही, असं माझं झालं. पोस्टमन सगळ्या कॉलनीत सांगत फिरायचा, "सुमनबाई बंगलेवाल्या."

गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी आपण तिघं वर बसलो होतो. तू बँकेतून रक्कम काढून आणली होतीस, पितळेच्या ताटात ठेवून, वर हळदकुंकू. किती साधी होतीस तू. घर सोडताना भाडेकरूला ओवाळून पाठवणार होतीस. निमकर ताटाकडे बघत राहिला. त्याने हात पुढे केला नाही.

"घ्या की," तू म्हणालीस.

"ताई, घेतले की मी उद्यापासून रस्त्यावर," तो म्हणाला. "मी काय बसून नाही राहिलो. पीण्या वस्तीच्या पलीकडे जाऊन आलो, यशवंतपूरला जाऊन आलो. या पैशात कोणी दारात उभं नाही करून राहिलं. पोरगी दहावीत आहे. तुम्हीच सांगा, मी काय करू?"

मी म्हणाले, "ते तुम्ही ठरवा. घर आमचं आहे."

"तुमचंच आहे हो ताई. मी कधी नाही म्हटलं? पण पैसे मी नाही घेत."

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी गत. त्याने रक्कम घेतली नाही तोवर लीज संपलं असं म्हणता येईना. वकिलाकडे मी एकटीच गेले. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, बाई, दोघींच्या सह्या आणा, मग दावा लावू. किती वर्षं लागतील विचारलं तर ते हसले. त्यांनी टाइप करून दिलेला दाव्याचा कागद घेऊन मी तुझ्याकडे आले. माझी सही झालेली होती, तुझी जागा कोरी.

तू पाट्यावर चटणी वाटत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, "न्हाई करायची मी."

"का?"

"पोरीची परीक्षा हाय."

"माझ्या पोरांची नाही होय? ती काय बसस्टँडवर अभ्यास करतील?"

मग तू हात धुतलेस आणि म्हणालीस, "स्वल्प ऐक. तो वर अडकला, तू तिकडं अडकलीस, मी मधी. मला दोघांतलं कुणी ढकलता येत न्हाई. तुम्ही पाची जण खाली या. मी स्वयंपाकघरात निजतो. मार्चपर्यंतच काय ते."

अक्का, मी तेव्हा नुसतं हो म्हणायचं होतं. एवढंच होतं. पण मला वाटलं, माझ्या पाटल्यांनी बांधलेल्या घरात मी पाहुणी म्हणून येऊ? आणि वर तो निमकर आरामात? मी म्हणाले, "तुला नवरा नाही, पोर नाही, म्हणून वरच्या बिऱ्हाडात संसार मांडून बसली आहेस. ती मुलगी तुला आजी म्हणते ना? सख्ख्या भाच्यांनी मावशी म्हटलेलं तुला पुरत नाही."

हे मी म्हणाले. माझ्या तोंडून गेलं. टाकी भरायची वेळ झाली होती, तू जाऊन मोटर सुरू केलीस आणि ती भरेपर्यंत तिच्याजवळ उभी राहिलीस, माझ्याकडे पाठ करून. मी चहा न घेता निघाले. बसमध्ये मी मनाशी तुझीच चूक ठरवत होते. मॅजेस्टिकचा बसस्टँड येईपर्यंत पक्की ठरलीसुद्धा.

त्यानंतर व्याजाचं पाकीट पोस्टाने आलं. मनिऑर्डरच्या त्या छोट्या जागेत तू काहीच लिहिलं नव्हतंस. संक्रांतीला मी तिळगूळ बांधून ठेवला होता तुझ्यासाठी. पाठवला नाही. तूही आली नाहीस, आणि ते लाडू सासूबाईंनी वाटून टाकले.

त्या मंगळवारी कॉलनीच्या गेटवर फोन आला. निमकर होता. "ताई, तुम्ही या. लवकर या. मोठ्या ताईंना रिक्षात घालून नेऊन राहिलो मी." दोन बस, आणि मध्ये कुठला तरी मोर्चा. मी हॉस्पिटलच्या पायऱ्या चढले तेव्हा तो बाकावर बसला होता. हात व्हार्निशने काळे, आणि त्या हातांत तुझ्या चपला. त्याने मान हलवली आणि मला कळलं. ज्या माणसाला घराबाहेर काढायला मी वकील केला त्याने तुला उचलून जिन्याच्या तोंडापासून रस्त्यापर्यंत नेलं. मी तुझी बहीण, मी मॅजेस्टिकला बसमध्ये. त्याचे उपकार मानावेत की त्याचं तोंड बघू नये हे मला अजून कळलेलं नाही. त्याने तिथल्या सगळ्या कागदांवर नातं म्हणून "घरचे" असं लिहिलं होतं. मी ते खोडलं नाही.

तेराव्याला स्वयंपाकघरात वरून डबा काढायला गेले तर डोक्यावर नवा माळा. कोऱ्या फळ्या, रंगसुद्धा न दिलेला. तुझं असं काय सामान होतं ठेवायला? एक ट्रंक, दोन पातेली. मी निमकरच्या बायकोला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "ते यांनीच ठोकलं, दिवाळीनंतर. ताईंनी करून घेतलं. म्हणाल्या, सुमीच्या पेट्या लई हायेत, पाची जणांच्या, खाली ठेवल्या तर निजायचं कुठं? डोकं गार झालं की येईल ती." मग तिने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. एकदा पत्र टाकायचं होतंस अक्का. माळा बांधलाय, ये, एवढं लिहायचं होतंस त्या मनिऑर्डरवर. मी आले असते का? आले असते असं आज म्हणणं सोपं आहे.

काल निमकर खाली आला. बसला नाही, दारातच उभा राहिला. म्हणाला, "मोठ्या ताई होत्या तोवर वेगळं होतं. आता मी कोणत्या तोंडाने राहू? मार्चमध्ये पोरीचे पेपर झाले की जातो. नागपूरला जाऊन राहू काही दिवस." मी डबे आवरत राहिले. त्याला वाटलं मी रागावले आहे, म्हणून तो अजून थोडा वेळ उभा राहिला आणि मग वर गेला.

तुझ्या कागदात शेवटची एक ओळ होती, ती मी कधी नीट वाचली नव्हती. एकीच्या पश्चात तिचा हिस्सा आणि तिची सही दुसरीकडे. म्हणजे आता दोन्ही सह्या माझ्याच. वकिलाने टाइप केलेला तो कागद माझ्या पर्समध्ये आहे, तुझी जागा अजून कोरी. मनात आणलं तर आज दुपारी भरून देईन, निमकरला मार्चपर्यंतही थांबवायची गरज नाही. मी पेन दोनदा काढलं आणि ठेवलं. करणार नाही असंही म्हणत नाही. तुला माझा स्वभाव माहीत आहे.

उद्या सकाळी आमचं सामान येतं आहे. क्वार्टरची किल्ली परवा द्यायची, त्याला आता इलाज नाही. ह्यांनी टेम्पो ठरवला. निमकर सकाळीच विचारून गेला, सामान वर चढवायचं असेल तर आपल्या पेट्या एका बाजूला सारून ठेवतो. मी म्हणाले, नको, खाली.

त्या भांडणानंतर पाच महिने मी रोज संध्याकाळी दिवा लावताना देवापाशी एकच मागत होते, की आमचं राजाजीनगरचं घर रिकामं होऊ दे. कुठला मजला, ते सांगायचं राहून गेलं.